विहिरीवरच्या इंजिनाची वही



इतिहास शिकविणाऱ्या माणसाने तेलाच्या इंजिनावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमच्या कॉलेजातले एक स्नेही तर म्हणालेच, "अहो, हा विषय एखाद्या फिटरला द्यायचा सोडून तुम्हांला कुणी दिला?" त्यांचे अगदीच चूक नाही. पण माझ्याजवळ एक वही आहे, आणि वही म्हटली की ती आमच्या खात्यात येते.

ही वही माझ्या आजोबांची. त्यांना घरात सगळे तात्या म्हणत. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या कोरडवाहू भागात. इ. स. १९६६ साली तात्यांनी मळ्यातल्या विहिरीवर पाच घोड्यांचे डिझेल इंजिन बसविले आणि त्याच दिवशी लाल कापडी बांधणीची एक वही घातली. तिच्यात चार रकाने आहेत. तारीख, इंजिन किती तास चालले, तेल किती लागले आणि शेरा. तेल म्हणजे डिझेल. खेड्यात आजही 'इंजिनात तेल घाल' असेच म्हणतात. ही वही तात्यांनी सव्वीस वर्षे लिहिली. पहिले तीन रकाने कंटाळवाणे आहेत, सगळा इतिहास चौथ्या रकान्यात आहे.

पण वहीकडे वळण्यापूर्वी इंजिनाच्या आधी काय होते ते पाहू.

त्या विहिरीवर पूर्वी दोन मोटा चालत. मोटेलाही इंधन लागत होते. ते म्हणजे बैलांची वैरण. आणि मोटेलाही निगा लागत होती. चामडे वाळून तडकू नये म्हणून त्याला तेल चोळावे लागे, नाडा झिजला की बदलावा लागे, चाकाच्या कण्याला वंगण द्यावे लागे. मोट फाटली तर चांभार ती शिवून देई, चाक मोडले तर सुतार ते दुरुस्त करी. या कामाचे पैसे कुणी रोख मोजत नसे. सुगीला खळ्यावर बलुते घातले की वर्षाचा हिशेब मिटे. या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता. चांभाराच्या वाट्याला कष्ट किती आणि मान किती, हे मी नव्याने सांगायला नको. मला एवढेच दाखवायचे आहे, की पाणी उपसण्याचे इंधन आणि ते यंत्र दुरुस्त करणारा हात ही दोन्ही गावच्या शिवेच्या आतच होती.

इंजिन आले आणि दोन्ही गोष्टी शिवेबाहेर गेल्या. इंधनाला रोख पैसा आला, मिस्त्रीलाही रोख पैसा आला. त्यातली एक गोष्ट गावाने हळूहळू परत मिळविली. दुसरी कधीच मिळाली नाही. तात्यांच्या वहीत नेमके हेच दिसते.

आता हे इंजिन आले कोठून? रुडॉल्फ डिझेल हा जर्मन आईबापांचा मुलगा इ. स. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. म्युनिकच्या तंत्रशाळेत शिकताना त्याच्या मनात एक गोष्ट सलू लागली. वाफेच्या इंजिनात जाळलेल्या कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते. रुपयाचा कोळसा जाळला तर चांगल्या इंजिनातूनही दीड-दोन आण्यांचेच काम पदरात पडते. डिझेलची कल्पना ऐकायला सोपी आहे. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. हवा दाबली की तापते. ती सोळा-सतरा पटींनी दाबली तर इतकी तापते, की तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडताच ते आपोआप पेटते. ठिणगी लागत नाही. १८९३ साली त्याला पेटंट मिळाले. चार वर्षांच्या खटपटीनंतर, फेब्रुवारी १८९७ मध्ये, आउग्सबुर्गच्या कारखान्यात एका प्राध्यापकांनी त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. रुपयाला चार आण्यांहून थोडे अधिक काम मिळाले. त्या काळी ही मोठीच मजल होती.

या डिझेलचा एक हेतू मला विशेष वाटतो. आपले इंजिन लहान कारागिराच्या दुकानात चालावे, मोठ्या गिरण्यांच्या तोंडी जाणाऱ्या लहान माणसाला त्याचा आधार व्हावा, असे त्याच्या मनात होते. प्रत्यक्षात त्याचे इंजिन आधी मोठमोठ्या कारखान्यांत आणि जहाजांत गेले. दुसरी गोष्ट १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनातली. तेथे एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते, आणि ते इतके सुरळीत चालले की हे खनिज तेल नव्हे, असे फारच थोड्यांच्या ध्यानात आले. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे सांगितले की तो हसतो. शेंगतेल इंजिनात ओतण्याइतके स्वस्त कधी झाले आहे काय? पण वसाहतींतल्या लोकांना आपल्याच शेतातल्या तेलावर इंजिन चालविता यावे, असा विचार त्या वेळी झाला होता खरा. सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल रात्रीतून नाहीसा झाला. नंतर त्याचे प्रेत समुद्रात सापडले. त्याने जीव दिला की आणखी काही झाले, यावर आजही वाद आहेत. आपण त्यात शिरायला नको.

आपल्याकडे ही इंजिने आधी विलायतेहून आली, आणि ती विहिरींपेक्षा पिठाच्या गिरण्यांवर व कापसाच्या जिनांवर अधिक दिसत. गिरणीच्या इंजिनाचा तो टुक टुक आवाज आमच्या वडिलांच्या पिढीला अजून आठवतो. तेवढ्यावरून गिरणी सुरू झाल्याचे कोसभर कळे. पुढे इंजिने या देशातही तयार होऊ लागली, आणि त्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. सातारा रोडच्या कूपर कारखान्याने स्वातंत्र्यापूर्वीच हे काम हाती घेतले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. तेथे लोखंडी नांगर झाले, चरक झाले, पंप झाले. १९४६ साली पुढच्या पिढीने खास तेलाच्या इंजिनांसाठी पुण्याजवळ खडकीला वेगळी कंपनी उभी केली. किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून फार लांब नाही. तात्या सांगत, की तिथल्या कारखान्यात काम करून आलेला माणूस गावात आला की त्याच्या भोवती माणसे जमत. तो पान्याने नट कसा धरतो तेसुद्धा लोक पाहत.

वाहनांची कथा थोडी निराळी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशन झाले, तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाची भट्टी बसवून तिच्या वायूवर गाड्या चालवीत. त्या वायूला जोर कमी, म्हणून चढाला उतारूंना खाली उतरून चालावे लागे. इंधन महाग झाले किंवा मिळेनासे झाले की माणूस काय काय करतो, याचा तो जुना नमुना. डिझेलचे ट्रक आपल्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने आले ते १९५४ नंतर. त्या वर्षी टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. इंजिनाचा प्राण म्हणजे तेलाचा पंप आणि नोझल. तेही १९५१ साली बंगलोरला निघालेल्या मायको कारखान्यामुळे देशातच मिळू लागले. माझे थोरले चुलते, आप्पा, याच काळात ट्रकवर आधी किन्नर आणि मग ड्रायव्हर झाले. सांगलीची हळद आणि गूळ मुंबईला न्यायचा आणि येताना मिळेल तो माल आणायचा.

आता वही उघडू.

पहिल्या वर्षीच्या नोंदी पाहिल्या तर तासाला सुमारे एक लिटर तेल पडते. पाच घोड्यांच्या इंजिनाला पूर्ण ओझ्यावर लिटर-सव्वा लिटर लागतेच. तेव्हा हे ठीक होते. तिसऱ्या वर्षी आकडा चढू लागतो. सव्वा, दीड, एकदा तर पावणेदोन. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे, 'धूर काळा'. मग एक नोंद आहे, 'मिस्त्री आला. नोझल.' आणि पुढच्या आठवड्यापासून आकडा पुन्हा लिटराच्या जवळ.

ही नोंद मी प्रथम वाचली तेव्हा मला तिचा अर्थ कळला नव्हता. अर्थ असा, की नोझलला सुईच्या टोकाएवढी भोके असतात आणि पंप त्यांतून दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबाने तेल फेकतो. भोक झिजले किंवा काजळीने भरले, की फवाऱ्याऐवजी थेंब पडतात. थेंब पुरते जळत नाहीत आणि न जळलेले तेल काळा धूर होऊन जाते. म्हणजे काळा धूर हा धूर नव्हेच, ते आपण रोख देऊन आणलेले तेल आहे. तात्यांचा मिस्त्री वेगळ्या भाषेत हेच सांगे, "तात्या, ह्याला दुसरा आजार नाही. घशात अडकलंय." निळसर धूर दिसला तर तो म्हणे, "आता हे डिझेल पीत नाही, ऑइल पितंय," म्हणजे रिंगा गेल्या. आणि धूर पांढरा पडून इंजिन मधेच दम खाऊ लागले, की तो पहिल्यांदा तेलाच्या टाकीतले पाणी पाही. शिक्षक मंडळींनी हे वर्गात जरूर सांगावे. ज्वलनाचा धडा यापेक्षा चांगला मिळणार नाही.

१९७२ सालचा दुष्काळ सर्वांना ठाऊक आहे. विहिरी आटल्या, लोकांनी त्या आणखी खोल नेल्या. वर ठेवलेला पंप पाणी ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि व्यवहारात ते वीस-पंचवीस फुटांपलीकडे ओढले जात नाही. पाणी खाली गेले, तेव्हा लोकांनी विहिरीच्या आत कपारीत कट्टा बांधून इंजिनच खाली उतरविले. आणि पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, पश्चिम आशियातले युद्ध पेटले. अरब देशांनी तेल रोखले, आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास मिळणारे कच्चे तेल जानेवारी १९७४ पर्यंत बारा डॉलरच्या घरात गेले. सिनाईच्या वाळवंटातल्या लढाईचा खानापूरच्या मळ्याशी काय संबंध, असे कुणी विचारले तर मी ही वही पुढे करीन. १९७४ च्या उन्हाळ्यात इंजिनाचे तास निम्म्यावर आले आहेत. शेरा आहे, 'ऊस मोडला. ज्वारीला दोन पाणी.'

याच वर्षात तात्यांनी एक गोष्ट केली, तिचे श्रेय मात्र आप्पांना. आप्पा सुट्टीवर आले होते. ते इंजिनाकडे न बघता पाइपाकडे बघत बसले. म्हणाले, "तात्या, इंजिन बरं आहे. पाण्याची वाटच वाकडी आहे." पाइप अरुंद होता, त्याला तीन बेंड होते, आणि तळाशी जो फूट-व्हॉल्व्ह असतो, ज्याला आमच्याकडे लोक सरळ 'फुटबॉल' म्हणतात, तो गाळाने अर्धा बुजला होता. पाणी चढविण्यापेक्षा त्याला या अडचणींतून ओढण्यातच इंजिनाची ताकद जात होती. फुटबॉल बदलला, दोन बेंड काढले, पाइप एका मापाने मोठा घातला. वहीत पुढे तेलाचा आकडा जवळजवळ तोच आहे, पण वाफा भिजायला लागणारे तास कमी झालेले आहेत. पुढे १९७८ साली केंद्र सरकारने तेल वाचविण्यासाठी एक वेगळी संस्थाच काढली, आणि शेतीच्या पंपांना चांगले फूट-व्हॉल्व्ह व मोठे पाइप बसवावेत हा तिच्या प्रचाराचा एक भाग होता. ते वाचल्यावर मला आप्पांचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

विहिरीत उतरविलेल्या इंजिनाची एक बाजू मात्र काळी आहे. इंजिनाच्या धुरात जो विषारी वायू असतो त्याला रंग नाही, वास नाही. खोल विहिरीत, वारा नसलेल्या दिवशी, तो साचून राहतो. आमच्या शेजारच्या मळ्यात बंद पडलेले इंजिन पाहायला गडी खाली उतरला, तो परत आला नाही. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. तात्यांच्या वहीत त्या तारखेला तास नाहीत, तेल नाही, फक्त दोन नावे आहेत. ती मी येथे सांगत नाही. दुसऱ्या दिवशीची नोंद अशी आहे, 'धुराचा पाइप वरपर्यंत नेला.' अशी इंजिने आता कमी झाली आहेत, पण संपलेली नाहीत. धुराचे नळकांडे विहिरीच्या काठाबाहेर आल्याशिवाय कुणालाही खाली उतरू देऊ नका.

तेल वाचविण्याच्या ज्या खोट्या युक्त्या लोकांनी काढल्या, त्यांचाही इतिहास आहे. आप्पांच्या पिढीतले कितीतरी ड्रायव्हर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करीत. खंबाटकीच्या उतारावर आप्पांनी असे एकदाच केले आणि ब्रेक तापून सुटल्यावर जन्मात पुन्हा केले नाही. गंमत अशी, की यात तेल वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये असून पाय काढलेला असला, की चाकेच इंजिनाला फिरवितात आणि पंप तेल जवळपास बंद करतो; न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला तेल द्यावे लागते. म्हणजे जीव धोक्यात घालून खर्च वाढवायचा.

दुसरी युक्ती भेसळीची. रेशनचे रॉकेल सरकार स्वस्त देई, डिझेल त्याहून महाग. दोहोंतला फरक हाच नफा. रॉकेल मिसळले की इंजिन चालते, म्हणून लोकांना ते फुकटचे वाटले. परंतु डिझेल पंपाला केवळ इंधन पुरवीत नाही, वंगणही पुरविते. पंपातला दट्ट्या आपल्या नळीत केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढी फट ठेवून फिरतो. रॉकेलाला ते वंगण नाही. पंप झिजला की दुरुस्तीचा खर्च वाचलेल्या पैशाच्या कितीतरी पट. ट्रकमालकाला हे कळे, पण पुष्कळदा त्याच्या नकळतच कुणीतरी मधल्या मध्ये मिसळून मोकळे होई. हा धंदा किती रुजला होता, ते २५ जानेवारी २०११ रोजी दिसले. मनमाडजवळ भेसळीच्या अड्ड्यावर गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. लिटरमागच्या काही रुपयांच्या फरकातून एवढे झाले.

हा फरक कुठून आला, हेही सांगायला हवे. आपल्याकडे एस. टी., मालट्रक आणि विहिरी डिझेलवर चालत, म्हणून सरकारने अनेक वर्षे ते पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त ठेवले. मग श्रीमंतांनी डिझेलच्या मोटारी घेतल्या, आणि शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सवलत त्यांच्या टाकीत जाऊ लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या किमतीवरचा ताबा सोडला. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. जून २०२० मध्ये दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलच्याही वर गेले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत लिटरला शंभर रुपयांच्या पुढे गेले. तात्या असते तर त्यांनी वहीला पाचवा रकाना पाडला असता.

मी मघाशी म्हणालो, की शिवेबाहेर गेलेल्या दोन गोष्टींपैकी एक गावाने परत मिळविली. ती म्हणजे दुरुस्ती. तात्यांच्या वहीत १९६९ साली मिस्त्री तालुक्याहून येतो, त्याला जेवण आणि एस. टी.चे भाडे द्यावे लागते. १९७७ पर्यंत तो शेजारच्या गावचा झाला आहे. १९८४ नंतर शेऱ्यात 'मिस्त्री' हा शब्दच क्वचित येतो. 'फिल्टर धुतला', 'ऑइल बदलले', 'व्हाल्व्ह लावले' असे लिहिलेले आहे, आणि अक्षर तात्यांचे नसून माझ्या वडिलांचे आहे. शाळा सातवीपर्यंत झालेल्या माणसाने आउग्सबुर्गच्या त्या शास्त्रज्ञाची विद्या हाताने आत्मसात केली. त्यासाठी कुठली योजना नव्हती, वर्ग नव्हता. याची नोंद माझ्या पाहण्यातल्या एकाही अभ्यासक्रमात नाही, आणि मला ते खटकते.

आता ती विद्याही पुन्हा हातातून निसटू लागली आहे. एप्रिल २०२० पासून देशात बी. एस. सहा हे धुराचे कडक नियम लागू झाले. हवेच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. काळा धूर ओकणारा नवा ट्रक आता दिसत नाही. पण त्या इंजिनात तेलाचा दाब जुन्याच्या आठ-दहा पट असतो, फवारा संगणक ठरवितो, आणि दिवा लागला तर तो का लागला हे सांगायलाही कंपनीचे यंत्र जोडावे लागते. आप्पांचा मुलगा असाच एक ट्रक चालवितो. परवा मला म्हणाला, "दादा, पूर्वी गाडी बिघडली तर आबा खाली वाकत. मी फोन लावतो."

तात्यांच्या इंजिनाचे काय झाले? मळ्यात वीज आली आणि ते शेडमध्ये गेले. पुढे भारनियमनाच्या वर्षांत, रात्री-बेरात्री तीन-चार तास वीज मिळे, तेव्हा वडिलांनी ते पुन्हा बाहेर काढले. आता विहिरीवर सौर पंप आहे. मागच्या पावसाळ्यात आठ दिवस आभाळ फाटले नाही आणि रोपांना पाणी हवे होते. वडिलांनी टाकीच्या तळाचा गाळ काढला, फडक्यातून गाळून चार लिटर तेल घातले, आणि हँडल माझ्या हातात दिले. मला दोनदा जमले नाही. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः मारले. पहिला धूर काळा आला, मग विरळ झाला. वडील बराच वेळ त्याकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "नोझल बघायला पाहिजे." वहीत तीस-एक वर्षांनी मी एक नोंद केली. तास दोन, तेल अडीच लिटर. शेऱ्यात त्यांनी सांगितले तेच लिहिले.